महागडं घड्याळ घेताय? पुढची आवड आधी जोखा

शोरूममध्ये डोळ्यांत भरलेलं घड्याळ काही वर्षांनी नकोसं होतं, ते बहुधा आकारामुळे. 2000 नंतर 44-45 मिमीच्या ताटलीएवढ्या घड्याळांची लाट आली; आता कल पुन्हा 36 ते 40 मिमीकडे आहे. मनगट मात्र तेवढंच राहतं, म्हणून माप त्याचंच धरा. हात टेबलावर पालथा ठेवा आणि मनगटाच्या सपाट भागाची रुंदी पट्टीने मोजा. घड्याळाची उभी लांबी, म्हणजे वरच्या लगच्या (पट्टा जिथे अडकतो त्या शिंगासारख्या भागाच्या) टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतचं अंतर, त्यापेक्षा कमीच हवं. व्यास सगळे विचारतात, ही लांबी कुणी विचारत नाही. घड्याळ मनगटाबाहेर येतं ते हिच्यामुळेच. जाडी 13 मिमीपुढे गेली की शर्टाचा कफ अडतो.

एकाच बाजूच्या दोन लगमधली जागा, म्हणजे पट्ट्याची रुंदी, 20 मिमी असेल तर उत्तम. चामडं, रबर, नायलॉन, हवा तो पट्टा मिळतो आणि घड्याळाचं रूपच पालटतं. 19 किंवा 21 मिमीला पर्याय कमी. ऑडेमार पिगे कंपनीच्या 1972 च्या रॉयल ओक घड्याळासारखं ब्रेसलेट (धातूचा पट्टा) केसमध्येच, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचातच, मिसळलेलं असेल तर ही मुभा जवळपास संपते.

हिरव्या किंवा सॅमन (फिकट नारिंगी-गुलाबी) रंगाच्या डायलवर जीव जडलाय? तिचा फोटो दोन-तीन महिने मोबाइलच्या वॉलपेपरला ठेवा. कंटाळा आला तर फुकटात सुटलात.

विकायची वेळ येऊ शकते, तेव्हा ब्रेसलेटच्या काढलेल्या कड्या, डबा, वॉरंटी कार्ड जपा. सर्व्हिसिंगला देताना ‘पॉलिश नको’ असं पावतीवरच लिहून घ्या. पॉलिशने केसच्या धारदार कडा गोल होतात आणि त्या परत येत नाहीत.