मध्ययुगीन जर्मन कथाकाव्य मुळातून कसं वाचावं आणि मराठीत कसं आणावं

इ.स. १२००च्या आसपास जर्मन भाषक दरबारांत जी मोठी कथाकाव्यं रचली गेली, त्यांची भाषा आजची जर्मन नव्हे. तिला मध्य-उच्च-जर्मन म्हणतात. पुण्या-मुंबईत जर्मन शिकून बी-वनपर्यंत (म्हणजे मधल्या पातळीपर्यंत) पोचलेल्या माणसाला ती वाचता येते, पण ज्ञानेश्वरी पहिल्यांदा उघडताना आपलं जे होतं तेच इथेही होतं: शब्द ओळखीचे वाटतात आणि ओवी मात्र कळत नाही. तेवढी तयारी ठेवून बसा.

छोटं काव्य निवडा

बहुतेक जण ‘निबेलुंगेनलीड’ या मोठ्या वीरकाव्यापासून सुरुवात करतात आणि पाचपन्नास कडव्यांत थकतात. माझं मत विचाराल तर आधी हार्टमान फॉन आउअचं ‘डेर आर्मे हाइनरिश’ घ्या. दीड हजारांच्या आसपास ओळी, सरळ गोष्ट. श्वाबेनमधल्या एका श्रीमंत उमरावाला महारोग होतो आणि त्याच्यासाठी जीव द्यायला एका शेतकऱ्याची मुलगी तयार होते. मूळ आणि आधुनिक जर्मन समोरासमोर छापलेली रेक्लाम प्रकाशनाची छोटी आवृत्ती मिळते. उजवं पान पहिल्या वाचनात झाकून ठेवा.

मोठ्यानं वाचा

डोक्यावर टोपी असलेला स्वर दीर्घ, नसलेला ऱ्हस्व. ‘आय-ई’ आणि ‘यू-ओ’ या जोड्या फोडून म्हणायच्या: लिएप, गुओत. ‘टी’च्या आधीचा ‘एच’ घशातून काढायचा: नख्त. काव्याची सुरुवातच बघा:

एइन रिटर सो गेलेरेत वस
दस एर अन देन बुओखेन लस

‘एक सरदार इतका शिकलेला होता की तो पुस्तकं वाचत असे.’ आजच्या जर्मनमध्ये ‘लास’ दीर्घ आहे. इथे तो ऱ्हस्व आहे आणि ‘वस’शी जुळणारं यमकच त्याची साक्ष देतं. उच्चाराची शंका आली की आधी यमकाकडे बघायची सवय लावा.

टोप्यांबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. हस्तलिखितांत त्या अशा नेमानं नसतात. एकोणिसाव्या शतकात कार्ल लाखमान आणि त्याच्या मागून आलेल्या संपादकांनी पाठ एकसारखा केला, त्यातून हे रूप आलं. मूळ पान कसं दिसतं ते बघायचं असेल तर स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेन मठाच्या ग्रंथालयातली ‘निबेलुंगेनलीड’ची प्रत इंटरनेटवर पाहता येते.

ध्वनिबदल पाठ करा

दोनच वाक्यं पुरतात. ‘मीन न्यूवेस हूस’चं आज ‘माइन नॉयेस हाउस’ झालं. ‘लिएबेर म्युएदेर ब्रुओदेर’चं ‘लीबर म्यूडर ब्रूडर’ झालं. एवढं जिभेवर बसलं की अनोळखी दिसणारे कितीतरी शब्द आपोआप उलगडतात.

ओळखीचा शब्दही कोशात बघा

कोश मात्तिआस लेक्सरचा, १८७२ ते १८७८मध्ये तीन खंडांत निघालेला. ट्रीअर विद्यापीठाच्या ऑनलाइन कोशजाळ्यावर तो फुकट आहे. ‘एफ’चा शब्द सापडला नाही तर ‘व्ही’खाली शोधा. ‘आरबेइत’ म्हणजे इथे नोकरी-काम नव्हे, हालअपेष्टा. ‘होखगेत्सीत’ म्हणजे कुठलाही मोठा उत्सव, लग्नच असायला हवं असं नाही. ‘मिल्ते’ म्हणजे दानशूरपणा. ‘लीप’ म्हणजे देह, जीव आणि पुष्कळदा नुसतं ‘तो’ किंवा ‘ती’.

‘एन’वर नजर ठेवा

सगळ्यात जास्त घात इथे होतो. क्रियापदाला चिकटलेला ‘एन’ नकार दाखवतो, आणि पुढे ‘निख्त’ (‘नाही’) आला तरी दोन्ही मिळून नकार एकच. पण ‘निख्त’ नाही, क्रियापद संकेतार्थी आहे आणि एकटा ‘एन’ उभा आहे, असं दिसलं की थांबा. इटलीतल्या सालेर्नोचा वैद्य हाइनरिशला सांगतो:

देस सीत इर इएमेर उन्गेनेसेन
गोत एन्वेले देर आर्त्सात वेसेन

घाईत वाचलं तर ‘देवाला वैद्य व्हायचं नाही’ असा अर्थ लागतो आणि गोष्टीचा कणाच मोडतो. खरा अर्थ असा: ‘देवानंच वैद्य व्हायचं मनात आणल्याखेरीज तुम्ही कधी बरे होणार नाही.’ म्हणजे एक दार वैद्य उघडं ठेवतो आहे आणि शेवटी हाइनरिश बरा होतो तो त्याच दारानं. मराठीत ‘-खेरीज’, ‘-शिवाय’ हाताशी असल्यानं ही रचना बेमालूम बसते.

आधी गद्य, मग बाकीचं

पहिला खर्डा ओळीला ओळ, निव्वळ गद्यात करा. मूळ काव्य चार ठोक्यांच्या, दोन-दोन यमकी ओळींचं असलं तरी मराठीत यमकाच्या मागे लागू नका. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे आला-गेला-केला अशी यमकं आपसूक पडत जातात आणि शंभर ओळींत कंटाळा येतो. मी तरी लयदार गद्यच पसंत करेन.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ मात्र काटेकोर जपा. मूळात ‘दू’ आणि ‘इर’ असा भेद आहे. वरच्या ओळींत वैद्य ‘इर’ म्हणतो. ‘निबेलुंगेनलीड’मध्ये वॉर्म्सच्या चर्चसमोर दोन राण्या भांडतात, तिथे क्रीमहिल्ड ‘दू’वर उतरून ब्रुनहिल्डला दुसऱ्याची ठेवलेली बाई म्हणते. मराठीत तो ‘तू’ आला नाही तर भांडणातली धारच जाते. त्या काव्याच्या कडव्यात चौथी ओळ शेवटी एका ठोक्यानं लांब असते आणि वार बहुधा तिथेच बसतो. तेव्हा वाक्यं हवी तशी फिरवा, पण शेवटचा घाव शेवटीच ठेवा.

वोल्फ्राम फॉन एशेनबाखचं ‘पार्त्सिफाल’ सगळ्यात शेवटी घ्या. ते जवळपास २५,००० ओळींचं आहे आणि त्याची वाक्यरचना मुद्दाम आडवळणाची आहे. प्रस्तावनेत अडकलात तर ती सरळ सोडा आणि तिसऱ्या भागापासून सुरू करा. जंगलात वाढलेला पोरगा पार्त्सिफाल चकाकत्या चिलखतांतले सरदार बघून त्यांना देव समजतो, तिथून.