सात फुटी टेबलवरून नऊ फुटीवर जाताय? या चुका टाळा

मी पूल हा टेबलवरचा बॉलचा खेळ शिकले कंपनीच्या कँटीनशेजारच्या सात फुटी टेबलवर, रोज जेवणानंतर वीस मिनिटं, आणि दीड वर्षात हात चांगला बसला होता. मग पुण्यात एका पार्लरमध्ये पहिल्यांदा नऊ फुटी टेबल मिळालं आणि जे पॉट (बॉल पॉकेटमध्ये घालायचे शॉट) डोळे मिटून जायचे ते एकामागून एक पॉकेटच्या तोंडावर आपटून बाहेर यायला लागले. मी काय केलं तर क्यू, म्हणजे मारायची काठी, बदलला, उभं राहायची पद्धत बदलली, ब्रिजपण (क्यूला पुढून आधार देणारा हात) बदलला, आणि त्यात दोन महिने वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

पहिली चूक म्हणजे "दोनच फूट तर जास्त आहे" असं समजणं. सात फुटी टेबलची खेळायची जागा साधारण ३९ बाय ७८ इंच असते, आठ फुटीची ४४ बाय ८८ आणि नऊ फुटीची ५० बाय १००, म्हणजे सातवरून नऊवर गेलात की जागा जवळपास ६४ टक्के वाढते, बॉल मात्र तेवढेच, सव्वादोन इंचाचे. आता सात फुटीवर पॉकेटपासून ६० इंचांवर असलेला बॉल घ्या. नऊ फुटीवर तोच बॉल टेबलच्या प्रमाणात त्याच जागी ठेवला तर अंतर होतं ७७ इंच. बॉल एक अंश जरी वाकडा गेला तरी ६० इंचांवर तो साधारण एक इंच सरकतो, ७७ वर एक इंच आणि वर तिसरा हिस्सा. साडेचार इंचाच्या पॉकेटमध्ये मधल्या रेषेपासून दोन्हीकडे सव्वा इंचसुद्धा मोकळीक नसते, म्हणून इकडे आत जाणारा बॉल तिकडे आपटतो. त्यात व्हाइट (क्यूने मारायचा पांढरा बॉल) आणि बॉल यांच्यातलं अंतरही वाढलेलं असतं आणि ही दोन अंतरं बेरजेने नाही, गुणाकाराने चूक वाढवतात. म्हणजे तुमचा नेम काल होता तेवढाच आज आहे, फक्त त्यातली बारीक चूक आता दिसायला लागलीय.

त्यामुळे आधी चूक कुठली ते शोधा, मग काय ते बदला. एक बॉल टेबलच्या मधोमध ठेवा, व्हाइट त्याच्या मागे पॉकेटच्या सरळ रेषेत, आणि वीस शॉट मारा, व्हाइट दर वेळी थोडा लांब नेत. बॉल सारखा एकाच बाजूला चुकत असेल तर उभं राहण्यात नाहीतर नेमात गडबड आहे किंवा नकळत साइड (व्हाइटच्या डाव्या-उजव्या बाजूला मारून येणारी फिरकी) लागतोय. कधी डावीकडे कधी उजवीकडे जात असेल तर हात हलतोय, तिथे नेम बदलून काही होणार नाही, स्ट्रोक हळू आणि सरळ करावा लागेल.

दुसरी मोठी चूक, अंतर लांब म्हणून जोरात मारणं. जोरात मारताना खांदा हलतो हे एक, आणि वेगात आलेल्या बॉलला पॉकेट कमी माफ करतं, हळू आलेला बॉल कडेला लागूनही आत पडतो आणि जोरात आलेला तिथेच खडखडून बाहेर. शिवाय कापड बघा ना! ऑफिसातलं जुनं, लव आलेलं कापड बॉलला धरून ठेवतं, चांगल्या पार्लरचं स्वच्छ कापड पळवतं, त्यामुळे टेबल मोठं असूनही जोर तेवढाच पुरतो असं बऱ्याचदा होतं. फ्रेमच्या, म्हणजे एका डावाच्या, आधी पाच मिनिटं फक्त लॅग करा, व्हाइट समोरच्या कुशनला (टेबलच्या रबरी कडेला) लावून आपल्या कुशनपाशी परत आणायचा. मला स्वतःला या एका सवयीने सगळ्यात जास्त फायदा झाला.

स्क्रूचंही, म्हणजे व्हाइटच्या खाली मारून त्याला मागे आणण्याचंही, तसंच आहे. लांबच्या शॉटवर बॅकस्पिन कापडावर घासून वाटेतच संपतो, मग आपण अजून खाली मारतो आणि मिसक्यू होतो (क्यू बॉलवरून घसरतो). अशा वेळी स्क्रूचा हट्ट सोडा, व्हाइट नैसर्गिक अँगलने कुशनला लागून कुठे येतोय त्यावरून पुढचा बॉल निवडा. आणि लांब शॉटवर साइड तर नकोच, साइड लावला की व्हाइट मुळातच रेषेतून थोडा बाहेर जातो आणि अंतर जितकं जास्त तितकं ते महागात पडतं.

हात पोचत नाही तर रेस्ट (क्यू टेकवायची आधाराची काठी) घ्या. ताणून, एक पाय हवेत ठेवून मारलेला शॉट सरळ जात नाही (आणि दोन्ही पाय उचलले की फाउलच).

टेबलला दोष देण्याआधी पॉकेट मोजा. कोपऱ्याच्या पॉकेटच्या तोंडाशी दोन बॉल शेजारी शेजारी ठेवा, दोघांची रुंदी बरोबर साडेचार इंच होते. जेमतेम बसले तर पॉकेट स्पर्धेच्या मापाचं आहे, बरीच फट राहिली तर सैल. घट्ट पॉकेटचं सात फुटी टेबल सैल पॉकेटच्या नऊ फुटीपेक्षा अवघड जाऊ शकतं हे खूप जण विसरतात.

आता उलटी चूक. आपल्याकडे जुन्या क्लबांमध्ये बारा फुटी टेबलची परंपरा आहे, पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक विजेते झाले ते तसल्याच टेबलवर, आणि त्यामुळे "मोठ्यावर शिका, लहान आपोआप जमतं" असं सर्रास सांगितलं जातं. पॉटिंगपुरतं ते खरं आहे, बाकी नाही. सात फुटीवर तेच पंधरा बॉल कमी जागेत असतात, त्यामुळे एकमेकांना चिकटलेले गठ्ठे जास्त, पॉकेटकडे जायच्या वाटा बंद आणि व्हाइट जरा पळाला की कशाला तरी धडकतो. नऊ फुटीची सवय असलेला माणूस इथे सोपे बॉल पटापट पॉट करतो, गठ्ठा शेवटी ठेवतो आणि तिथेच अडकतो, मग समोरच्याला टेबल मिळतं, आणि लहान टेबलवर समोरचा एका खेपेत सगळं साफ करू शकतो. म्हणून तीन-चार सोपे बॉल टेबलवर शिल्लक असतानाच गठ्ठा फोडायचा बघा, व्हाइट शक्य तितका कमी हलवा, आणि फोडायला चांगला अँगल नसेल तर पॉट सोडून सेफ्टी (समोरच्याला सोपा शॉट मिळू नये असा शॉट) खेळा. नाणं टाकून खेळायच्या टेबलवर व्हाइट कधीकधी बाकीच्यांपेक्षा जड असतो, तिथे स्क्रू लागत नाही आणि फॉलो (बॉलला लागल्यावर व्हाइटचं पुढे जाणं) जास्त जातो, म्हणून फ्रेम सुरू करायच्या आधी दोन स्टॉप शॉट (बॉलला लागून व्हाइट तिथेच थांबावा असे शॉट) मारून व्हाइट जागेवर थांबतोय का बघा, पुढे सरकत असेल तर पूर्ण फ्रेम थोडं खाली मारा.