विमान लहान, दिवस मोठा: पहिल्या स्कायडायव्हिंगला जाताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या ओहायोत मक्याच्या शेतांच्या मधोमध एक छोटी धावपट्टी आहे. पत्र्याचं एक हँगर, दोन बाकडी, वारा दाखवणारी केशरी पिशवी आणि सेसना १८२ नावाचं एक जुनं छोटं विमान. गेली काही वर्षं माझे बरेचसे शनिवार तिथेच जातात. मी स्वतः उड्या मारते आणि मधल्या वेळात दुसऱ्यांची पॅराशूट घड्या घालून भरून देते. त्यामुळे मराठी मंडळात कोणी ‘एकदा करून बघायचंय’ म्हणालं, की त्याला माझा नंबर मिळतो. ही मंडळी टँडम उडी मारतात, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या पुढ्यात चार हुकांनी अडकून. प्रत्यक्ष उडीत त्यांना फारसं काही करायचं नसतं. त्यांचा दिवस फसतो तो बहुतेकदा घरातून निघतानाच, आणि फसायच्या तऱ्हाही ठरलेल्या आहेत.

‘अकराची वेळ आहे, एक वाजता जेवायला जाऊ’

नाही जाणार. सेसना १८२ मधल्या पायलटखेरीज बाकीच्या सीटा काढून टाकलेल्या असतात, तरी आत चारच माणसं मावतात, तीही जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन. म्हणजे टँडमच्या दोन जोड्या. १० हजार फुटांवर चढायलाच त्या बिचाऱ्या विमानाला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. उतरणं, पुढची माणसं भरणं, अधूनमधून इंधन घेणं, हे सगळं धरलं तर एका फेरीला (तिथे तिला ‘लोड’ म्हणतात) पाऊण तास सहज जातो. तुम्ही सहा जण आलात तर तीन लोड, सव्वादोन तास, आणि तेही तुमच्या आधीचं कोणी रखडलं नसेल तर. ट्विन ऑटरसारखं विमान असलेल्या मोठ्या ठिकाणी एका वेळी वीसेक जण जातात, तिथला हिशोब वेगळा. छोट्या धावपट्टीवर जायचं तर डबा, पाण्याच्या बाटल्या, टोपी आणि पत्त्यांचा कॅट घेऊन जा. जेवणाचं टेबल रात्री आठचं सांगा.

वेळ मागताना सकाळचा पहिला किंवा दुसरा लोड मागा. उन्हाळ्यात दुपारी जमीन तापली की हवा वर उसळू लागते, विमान हिंदकळतं आणि वाराही वाढतो. शिवाय दिवसभरात झालेला सगळा उशीर शेवटच्या माणसाच्या पदरात पडतो.

ढगांवरून काउंटरवर हुज्जत घालणारे दर आठवड्याला भेटतात. ‘ॲपवर तर ऊन दाखवतंय!’ दाखवत असेल. पण अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे १० हजार फुटांखाली उडी मारणाऱ्याने ढगाच्या किमान ५०० फूट खाली, १,००० फूट वर किंवा २,००० फूट बाजूला असायला हवं आणि समोरचं ३ मैल दिसायला हवं. ढगातून पडणाऱ्या माणसाला खालचं विमान दिसत नाही आणि त्या विमानाला हा दिसत नाही. कधी कधी वर पोचल्यावर खाली ढग सरकतात आणि सगळे विमानातूनच परत येतात. अशा वेळी पैसे परत मिळणं कठीण असतं, सहसा दुसरी तारीख मिळते. म्हणून भारतातून आलेल्या आई-बाबांच्या परतीच्या आदल्या दिवशी हा बेत करू नका. हाताशी एक राखीव शनिवार ठेवा. त्यांच्या प्रवास विम्यात असे खेळ धरलेत का, तेही आधी वाचा. बऱ्याचशा पॉलिसींत ते वगळलेले असतात.

‘माझा शनिवार आहे, मी काही खाणार नाही’

यात मी बोलणारी कोण! पहिल्या उडीच्या दिवशी मीही निर्जळी नाही, पण नुसत्या काळ्या कॉफीवर गेले होते. पोट रिकामं असलं की उलटी होणार नाही, हा माझा तर्क. पॅराशूट उघडेपर्यंत ठीक होतं. मग इन्स्ट्रक्टरने हौसेने दोन गिरक्या घेतल्या आणि त्या कॉफीने हिशोब चुकता केला. तो बिचारा शांतपणे म्हणाला, ‘डावीकडे तोंड कर, वारा उजवीकडून आहे.’

रिकाम्या पोटी चार तास उन्हात थांबलं, वर भीतीने घाम फुटला की चक्कर येते, आणि हार्नेसमध्ये (अंगाला बांधलेल्या पट्ट्यांत) लटकताना ती जास्तच जाणवते. नेहमीचा हलका नाश्ता करा. पोहे, उपमा, थालीपीठ चालेल. शनिवार कडक असेल तर साबुदाण्याची खिचडी खा, पण दीड वाटी, परातभर नाही. मिसळ उडीनंतर. आदल्या रात्री पार्टी झाली असेल तर तारीख बदला. इन्स्ट्रक्टरला दारूचा वास आला तर तसंही तो तुम्हाला विमानाकडे नेणार नाही.

वजन चोरणारे

फोनवर ९० किलो सांगायचं आणि प्रत्यक्षात १०२ निघायचे. तिथे वजनकाटा असतो, सगळ्यांसमोर. ही मर्यादा कोणी तुम्हाला लाजवायला ठरवलेली नाही. टँडमच्या पॅराशूटवर दोन माणसं आणि सामान मिळून किती भार चालेल, ते बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. त्यातून इन्स्ट्रक्टरचं वजन वजा होतं. तुम्ही जास्त निघालात तर हलका इन्स्ट्रक्टर शोधावा लागतो, तो दुसऱ्या लोडवर असतो आणि सगळी रांग सरकते. छोट्या विमानात तर कोण कुठे बसणार हेही वजनावर ठरतं. आज सकाळी घरच्या काट्यावर कपड्यांसकट जे दिसलं ते सांगा.

अंगावर काय असावं

दर हजार फुटांमागे तापमान साधारण २ अंशांनी उतरतं. खाली ३० असेल तर वर १०, शिवाय दार उघडं. अंगाला न चिकटणारी पँट, फुल टी-शर्ट आणि नाडीचे बूट घाला. तंग जीन्सचा तोटा उतरताना कळतो, कारण पाय वर उचलले जात नाहीत. चपला, कोल्हापुरी, आकड्यांचे ट्रेकिंग बूट घरी ठेवा. चष्मा असला तर काळजी नको, चष्म्यावरून बसणारे गॉगल मिळतात. फक्त ते आधी मागून घ्या, विमानात बसल्यावर नाही.

मंगळसूत्र, कानातलं, बांगड्या काढून खाली थांबणाऱ्या माणसाकडे द्या. ताशी १२० मैलांच्या वाऱ्यात गळ्यातली साखळी हनुवटीवर चाबकासारखी बसते. ‘शीतल महाजन तर नऊवारी नेसून उडी मारते’ हा युक्तिवाद मी आतापर्यंत तीन वेळा ऐकलाय. मारली तिने, २०१८ च्या फेब्रुवारीत थायलंडमध्ये. पण ही पुण्याची मुलगी २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी मारून आली होती आणि नऊवारी नेसण्याआधी तिच्या गाठीला शेकडो उड्या होत्या. तुमचा पदर इन्स्ट्रक्टरच्या तोंडावर किंवा पॅराशूटच्या हँडलवर आला तर आवरणार कोण? जंपसूट घाला.

मोबाइल आणि स्वतःचा गोप्रो दोन्ही खालीच. ‘घट्ट धरीन’ म्हणणाऱ्यांना सांगते, इथल्या पॅराशूट संघटनेच्या मते एकट्याने उडी मारणाऱ्यालाही कॅमेरा लावायला किमान २०० उड्यांचा अनुभव हवा. व्हिडिओ हवा असेल तर इन्स्ट्रक्टरच्या मनगटावरचा घ्या. पैसे जातात, पण चेहरा तुमचाच दिसतो.

विमानात, आणि दारात

इथे जरा सविस्तर सांगते, कारण घाबरून होणाऱ्या चुका इथल्या आहेत.

विमानात बसल्यावर तुमच्याभोवती पट्टे, दोऱ्या, रंगीत हँडलं दिसतील. आधाराला काहीही धरायचं तर स्वतःच्या छातीवरचे पट्टे धरा. इवल्याशा विमानात दार उघडं असताना कोणाचं पॅराशूट चुकून बाहेर निसटलं तर ते माणसालाही ओढून नेतं आणि विमानाच्या शेपटीलाही अडकू शकतं. म्हणून आम्ही आत पाठ घासून, वळवळत सरकत नाही. तुम्हीही सरकू नका. सांगतील तेव्हाच हला.

१० हजार फुटांवर दार वरच्या बाजूला उघडतं. गार वाऱ्याचा लोट आत येतो आणि त्याच क्षणी इंजिनाचा आवाज एकदम खाली जातो. दर वेळी कोणीतरी पटकन हात धरतं, ‘इंजिन बंद पडलं!’ पडलेलं नसतं. बाहेर पडणाऱ्यांना वारा कमी लागावा म्हणून पायलट मुद्दाम जोर कमी करतो. हे आधी माहीत असलं की निम्मी घाबरगुंडी वाचते.

मग चाकाच्या वरच्या छोट्या पायरीवर पाय ठेवायचा असतो. वारा तो पाय मागे ढकलतो. पुन्हा ठेवा, घाई नसते. दाराची चौकट किंवा पंखाचा दांडा मात्र धरू नका. तुम्ही धरलेलं एका हाताने सुटतं, दुसऱ्याने सुटत नाही आणि जोडी गरगरत बाहेर पडते. हात पट्ट्यांवर, डोकं मागे इन्स्ट्रक्टरच्या खांद्यावर, कंबर पुढे, टाचा मागे. भुजंगासन येत असेल तर तेच, फक्त हवेत.

नको वाटलं तर नको म्हणता येतं, शेवटच्या क्षणापर्यंत. पण कसं म्हणता ते महत्त्वाचं आहे. त्या गोंगाटात ‘नो’ आणि ‘गो’ कानाला सारखेच लागतात. आणि आपली मान! आपण ‘हो हो’ म्हणून जी मान डोलावतो ती अमेरिकन माणसाला कधी होकार वाटते, कधी नकार. जमिनीवर असतानाच ठरवून घ्या: अंगठा वर म्हणजे चला, हाताने फुली म्हणजे नको.

वर काही बिघडलं असं वाटलं तर

श्वास कोंडला? हवा भरपूर असते, तुम्ही ती धरून ठेवलेली असते. जोरात ओरडा. ओरडायला श्वास सोडावा लागतो, सोडला की पुढचा आपोआप आत येतो. ‘गणपती बाप्पा मोरया’ यासाठी उत्तम, तीन शब्द आणि लांब ‘या’.

कान दुखतायत? खंडाळ्याचा घाट उतरताना दडे बसतात ना, तो अख्खा घाट इथे दहा-बारा सेकंदांत उतरतो. पॅराशूट उघडल्यावर नाक चिमटीत धरून हळूच फुंका, आवंढा गिळा, जांभई द्या. जोर लावू नका. सर्दीने नाक बंद असेल तर मात्र जाऊच नका, इथे धीटपणाचा काही संबंध नाही. कानाचं दुखणं आठवडाभर पुरतं.

पॅराशूट जमिनीपासून साधारण साडेपाच हजार फुटांवर उघडतं, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या उंचीच्या आसपास. तिथवरचं पडणं अर्ध्या मिनिटाचं. पुढची पाच-सहा मिनिटं शांत असतात आणि मळमळ नेमकी तेव्हाच सुरू होते. गप्प बसू नका. ‘गिरक्या नकोत’ एवढं सांगा, नजर दूर क्षितिजावर लावा, पाय हलवत राहा. मांडीचे पट्टे रुतत असतील तर तेही सांगा, इन्स्ट्रक्टर खालचे हुक थोडे सैल करून देतो.

पॅराशूट नीट उघडलंच नाही तर? राखीव दुसरं असतं. ते परवानाधारक माणसाने भरलेलं असतं आणि अमेरिकेत दर १८० दिवसांत उघडून पुन्हा भरावंच लागतं. हँडल कोणी ओढलं नाही तरी ठरावीक उंचीवर ते आपोआप उघडणारं यंत्रही असतं. त्या वेळी तुमचं काम एकच, हात छातीशी ठेवून गप्प लटकणं.

उतरताना गुडघे छातीकडे घ्या, हवं तर पँट गुडघ्यामागे मुठीत धरा. जमीन जवळ आली की पाय आपोआप खाली जातात, हीच ती घोटे मुरगळणारी चूक. बसून घसरत उतरणं दिसायला चांगलं नाही, पण हाडांना फार चांगलं.

थायलंड-दुबईच्या सहलीत बरेच जण समुद्राखाली बुडी आणि आकाशातून उडी दोन्ही बसवतात. तेव्हा क्रम बदला. आधी उडी, मग बुडी. स्कूबानंतर किमान २४ तास वर जाऊ नका, रक्तातला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ द्यावाच लागतो.

खाली थांबलेल्यांनो

पोराला हात दाखवायला विमानाकडे पळू नका. इंजिन चालू ठेवूनच माणसं भरतात आणि फिरणारा पंखा दिसत नाही, खरोखरच दिसत नाही. आखलेल्या दोरीच्या अलीकडे थांबा, लहान मुलांचा हात धरून. उतरल्या उतरल्या मिठी मारायला धावू नका, पॅराशूट पुरतं खाली बसू द्या.

आणि आपलं माणूस उतरताना दिसलं नाही तर लगेच देव पाण्यात ठेवू नका. वारा फिरला की जोडी धावपट्टीऐवजी शेजारच्या शेतात उतरते. ऑगस्टमध्ये इथला मका माणसाच्या डोक्यावरून जातो, आत गेलेला दिसतच नाही. त्याला शोधायला तुम्ही शेतात शिरू नका, मग दोघांना शोधावं लागतं आणि शेतकरी चिडतो तो वेगळाच. जोडी मक्याच्या ओळींमधून चालत रस्त्याला लागते, कोणीतरी पिकअप घेऊन जातं आणि अर्ध्या तासात तो केसांत मक्याची पानं घेऊन ट्रकच्या मागून उतरतो. तेव्हा व्हिडिओचं नंतर विचारा, आधी पाणी द्या.