घराबाहेरचा रस्ता डोक्याला ताप देतोय का, हे कसं तपासायचं

झोप लागत नाही, उगाच चिडचिड होते, घराबाहेर पडावंसंच वाटत नाही, असं झालं की आपण आधी स्वतःलाच धारेवर धरतो, मोबाईल कमी कर, व्यायाम कर, लवकर झोप. तेही बरोबरच आहे, पण ज्या रस्त्यावर रोज राहतो त्याची झडती कोणी घेत नाही. एक सुट्टीची सकाळ आणि एक कामाच्या दिवसाची संध्याकाळ काढा, तेवढ्यात होतं. नवीन घर बघत असाल तर हो म्हणायच्या आधीच करा, नंतर कळून काय उपयोग.

सुरुवात खिडकीपासून. रोज जिथे जास्त वेळ बसता तिथे बसा आणि बाहेर काय दिसतं ते बघा. नेदरलँड्सचे वृक्षतज्ज्ञ सेसिल कोनाइनेनडाइक यांनी २०२१ मध्ये ३-३०-३०० असा एक सोपा ठोकताळा दिला, घरातून निदान ३ मोठी झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के झाडांची सावली असावी आणि ३०० मीटरच्या आत बाग असावी. ३०० मीटर म्हणजे चालत साधारण ४ मिनिटं. खिडकीतलं झाड म्हणजे नुसती शोभा असं वाटत असेल तर रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये छापलेला अभ्यास आहे, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ पेशंट, निम्म्यांच्या खिडकीबाहेर झाडं आणि निम्म्यांच्या बाहेर विटांची भिंत. झाडंवाले थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार पेनकिलरही कमी लागल्या. पेशंट मोजकेच होते हे खरं, पण पलंग कुठल्या बाजूला वळवायचा हे ठरवायला पुरे. खुर्ची, टेबल, पलंग फिरवून बघा, फुकटचं काम आहे.

मग आवाज. फोनवर डेसिबल मोजायचं ॲप घ्या, आकडा अगदी अचूक नसतो पण एका खोलीची दुसऱ्या खोलीशी तुलना मस्त होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये म्हटलंय की रस्त्यावरच्या वाहतुकीचा रात्रीचा आवाज घराबाहेर सरासरी ४५ डेसिबलच्या खाली असावा. आता सरासरी म्हटलं की त्यात मध्यरात्रीचा एक कर्कश हॉर्न लपून जातो, आणि झोपेची वाट लावतो तोच, कारण माणूस पूर्ण जागा झाला नाही तरी शरीर दचकतंच, सकाळी उठल्यावर आठवत काहीच नाही फक्त अंग आंबलेलं असतं. म्हणून मागच्या बाजूला खोली असेल तर झोपायची तीच करा, हॉलला मोठी खोली हवी वगैरे हट्ट सोडा. आणि खिडकीच्या फटी रबरी पट्टीने बुजवा.

आता खाली उतरा. मला विचाराल तर खरी मेख इथेच आहे, लोक बागेच्या मागे लागतात पण मनावर जास्त परिणाम दारापासून कोपऱ्यापर्यंतच्या रस्त्याचा होतो कारण तो रोज वाट्याला येतो. शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोमधले तीन सारखेच रस्ते घेतले, फरक फक्त गाड्यांचा, एकावर दिवसाला साधारण २ हजार, दुसऱ्यावर ८ हजार आणि तिसऱ्यावर १६ हजार. कमी गाड्यांच्या रस्त्यावर माणशी सरासरी ३ मित्र निघाले आणि सगळ्यात वर्दळीच्या रस्त्यावर १ सुद्धा नाही, ०.९. आपलं घर कुठपर्यंत वाटतं असं विचारल्यावर शांत रस्त्यावरचे लोक अख्खा रस्ता आपलाच सांगायचे, वर्दळीवाले जेमतेम स्वतःच्या बिल्डिंगपुरते. एकटेपणाला लोकांचा स्वभाव जबाबदार धरायच्या आधी संध्याकाळी खाली १० मिनिटं उभं राहून गाड्या मोजा आणि थांबून बोलणारी माणसंही मोजा.

रस्ता ओलांडून पण बघा, घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला सोबत घेऊन. बऱ्याच देशांत सिग्नलची वेळ सेकंदाला १.२ मीटर या चालीवर बसवलेली असते आणि म्हातारी माणसं तेवढं चालतच नाहीत. हिरवा दिवा संपतो, आजी दुभाजकावर अडकतात, पिशवी छातीशी धरून, पुढून गाड्या मागून गाड्या. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा त्या खाली उतरतच नाहीत, आणि घरचे म्हणतात आजकाल आईचं कशात मन लागत नाही.

लांबलचक बंद भिंत असेल तिथे काय होतं तेही टिपा. माणसं पाय उचलतात, फोन काढतात, कोणी कोणाकडे बघत नाही. तोच रस्ता जिथे दारं, ओटे, दुकानं सुरू होतात तिथे चाल आपोआप मंदावते. जायला दोन रस्ते असतील तर दोन मिनिटं जास्त लागली तरी दारंवाला, सावलीचा घ्या. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या २०१९ च्या अभ्यासात आठवड्याला १२० मिनिटं झाडापाण्यात घालवणाऱ्यांनी तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त सांगितलं होतं, आणि ती सलग घालवली की तुकड्यातुकड्यात यानं फरक पडला नाही. म्हणजे थोडी थोडी करून जमवली तरी चालतात. (उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर मात्र रस्ते मोजत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.)

उरलं ते चार जणांनी मिळून करायचं. आसपास पडीक प्लॉट असेल तर तिथून सुरू करा. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ५४१ पडीक जागा घेऊन प्रयोग झाला, २०१८ मध्ये छापून आला, काही जागांवर कचरा काढून गवत, थोडी झाडं आणि बुटकं लाकडी कुंपण, काहींवर नुसता कचरा काढला, काही तशाच ठेवल्या. हिरव्या केलेल्या जागांजवळ राहणाऱ्यांमध्ये उदास वाटतं म्हणणाऱ्यांचं प्रमाण ४१.५ टक्क्यांनी घटलं. नुसत्या सफाईने तसा ठोस फरक दिसला नाही, म्हणून स्वच्छता मोहीम, फोटो, टाळ्या एवढ्यावर थांबू नका.

स्थानिक प्रशासनाकडे अर्ज करताना "परिसर सुधारा" असं मोघम लिहिलं की फाईल तिथेच झोपते. एका अर्जात एकच मागणी, सोबत फोटो आणि तुम्ही मोजलेले आकडे, सिग्नल ८ सेकंद वाढवा, या कोपऱ्यावर बाक द्या. बाक मागणार असाल तर पाठ आणि हात असलेलाच मागा, हाताला रेटा दिल्याशिवाय म्हाताऱ्या माणसांना उठता येत नाही, आणि तो भिंतीकडे पाठ करून, येणारीजाणारी माणसं दिसतील असा बसवायचा हे अर्जातच लिहून टाका.