पुरानंतर मदतीला जाताय? मग या चुका टाळा

२०१९च्या महापुरात सांगली-कोल्हापूरला मदतीला आलेली माणसं आणि २०२१ला आलेली माणसं, चुका मात्र त्याच त्याच. जुन्या कपड्यांच्या बोचक्यांवर बरंच बोलून झालंय, मी मनाबद्दल बोलतोय.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे "सांगा ना, नेमकं काय झालं?" वीकेंडला समुपदेशनाचं सर्टिफिकेट मिळवलेल्यांना वाटतं माणूस रडला की मोकळा झाला. एका शाळेतल्या निवारा केंद्रात अशीच एक टीम आली, बाकं सरकवून बायकांना गोल बसवलं आणि एकेकीला त्या रात्रीबद्दल बोलायला लावलं. एका काकींची दुभती म्हैस गोठ्यातच राहिली होती, त्या सांगता सांगता दाव्याच्या गाठीपर्यंत आल्या आणि तिथंच अडकल्या, बोटं नुसती गाठ सोडवत राहिली. शेजारची तोवर जरा सावरली होती, तीही थरथरायला लागली. टीमला पुढचं गाव गाठायचं होतं, "छान शेअर केलंत" म्हणून गेली. रात्रभर दोघींजवळ बसली ती खिचडी शिजवणारी मावशी. दुसऱ्या दिवशी दुसरी संस्था, तोच प्रश्न, तेव्हा काकी म्हणाल्या, "आता कितींदा सांगू? लिहून भिंतीवर लावू का?"

एकदाच बसवून सगळं वदवून घ्यायच्या या प्रकाराला जागतिक आरोग्य संघटनाही नको म्हणते. त्यांच्या २०११च्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत तीनच कामं आहेत, बघा, ऐका, जोडून द्या, आणि ऐका म्हणजे उकरून काढा नव्हे. माझी सवय साधी आहे, समोर न बसता शेजारी बसायचं आणि विचारायचं, जेवलात का, घरचे सगळे एकत्र आहेत का, पंचनामा झाला का, पासबुक आहे की वाहून गेलं? मग पासबुकासाठी सोबत बँकेत जायचं. रांगेत माणूस आपणहून बोलतो, नाही बोलला तरी पासबुकाचं काम तर झालं. नव्या पोरांना हे समुपदेशन वाटतच नाही, त्यांना फोटोत दिसेल असं काहीतरी पाहिजे असतं.

"खंबीर व्हा", "त्या अमक्याचं तर सगळंच गेलं" हे बोलायचं असेल तर घरीच थांबा. मुलं पूर-पूर खेळत असतील तर खेळू द्या, ओरडू नका. दारूने झोप लागते, टिकत नाही. आणि शेजारणीच्या डब्यातली अल्प्राझोलामची अर्धी गोळी "शांत झोप लागेल" म्हणून देणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, ती चिठ्ठीवरची गोळी आहे, तिची सवय लागते, आणि आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या त्रासावर ती देऊच नये असं तज्ज्ञ सांगतात.

दुसरी मोठी चूक पुढच्या पावसाळ्यात दिसते. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ला पाणी ५७च्या वर गेलेलं, त्यामुळे पाऊस लागला की लोक रात्री तीनला उठून मोबाईलवर फूट बघतात, मग कोयना धरणातून सोडलेल्या पाण्याचे क्युसेक, मग कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचे. बघितल्यावर दोन मिनिटं बरं वाटतं की परत तेच, त्यात जुने व्हिडिओ आजचे म्हणून फिरवणारे महाभाग. अशांना "बघूच नका" सांगणं हाही शहाणपणा नाही, नदीकाठच्या माणसाला बघावंच लागतं. मी त्यांना कागद करायला लावतो. आपल्या गल्लीत पाणी कितीला शिरतं त्यावरून ठरवायचं, अमुक फुटाला कागदपत्रं उचलायची, अमुक फुटाला जनावरं हलवायची, कुणाच्या घरी जायचं, आणि तो कागद फ्रिजवर चिकटवायचा. आकडा ठरलेल्या वेळीच बघायचा, तोही प्रशासनाचा. पाणी खरंच वाढत असेल तर रात्रीची पाळी वाटून घ्यायची, म्हणजे एक जण जागतो आणि बाकीचे झोपतात.

सुरुवातीचे काही आठवडे झोप उडणं, दचकणं, चिडचिड होणारच, लगेच आजाराचं लेबल लावू नका. महिना उलटला तरी तेच प्रसंग डोळ्यांपुढे येतायत, काम होत नाहीये, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा, आघातावरची खास थेरपी असते, गरज पडली तर औषधंही असतात. जीव द्यायची भाषा आली तर मात्र महिना वगैरे बघायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर, आणि तोवर माणसाला एकटं सोडायचं नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २४ तास चालू असतो, फुकट आहे, मराठीतही बोलतात. पण नंबर ग्रुपवर टाकून सुटू नका, शेजारी बसून लावून द्या, रेंज नसेल तर रस्त्यापर्यंत सोबत जा.