गाऊट: गोळी सुरू केली आणि अंगठा पुन्हा सुजला? या चुका टाळा

गाऊट म्हणजे यूरिक अ‍ॅसिडमुळे सांधा सुजून ठणकण्याचा आजार. त्याची गोळी लोक बहुधा दोन वेळी सोडतात. एक, दुखणं थांबल्यावर. आणि दुसरं, गोळी सुरू करूनही पुन्हा दुखल्यावर. दोन्ही वेळा कारण पटण्यासारखं वाटतं आणि दोन्ही वेळा नुकसान होतं.

गाऊटच्या औषधांची कामं दोन आहेत. नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिबसारखी वेदनाशामकं, कोल्चिसिन किंवा थोड्या दिवसांचं स्टेरॉइड ठणका उतरवतात; यूरिक अ‍ॅसिड कमी करत नाहीत. ते काम अ‍ॅलोप्युरिनॉलचं किंवा फेबुक्सोस्टॅटचं. रक्तात यूरिक अ‍ॅसिड दर डेसिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर राहिलं की गार झालेल्या पाकात साखर धरावी तसे सांध्यात त्याचे स्फटिक धरतात. दुखण्याचा झटका आठ-पंधरा दिवसांत औषधाशिवायही ओसरतो. स्फटिक तिथेच असतात.

गोळीमुळेच दुखलं?

एका अर्थी हो. अ‍ॅलोप्युरिनॉलने जुने स्फटिक सुटू लागतात, तेव्हा पहिल्या काही महिन्यांत झटके येऊ शकतात. ‘मला हे औषध मानवत नाही’ म्हणून सोडून दिलं, की तेवढी कळ फुकट सोसल्यासारखं होतं. म्हणूनच सुरुवात १०० मिलिग्रॅमने, मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहून कमी डोसने करतात, मग काही आठवड्यांनी वाढवत नेतात. सोबत पहिले तीन ते सहा महिने कोल्चिसिनचा छोटा डोस देतात. तो चिठ्ठीत नसेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. झटक्यातही चालू असलेली अ‍ॅलोप्युरिनॉल थांबवायची नसते. अपवाद एकच, पण गंभीर: अंगावर पुरळ उठलं किंवा तोंडात फोड आले, तर गोळी लगेच बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दुसरी चूक थोडी डॉक्टरांचीही असते. १०० मिलिग्रॅमवर वर्षानुवर्षं रुग्ण तसाच राहतो, कारण रिपोर्टवर ७ पर्यंत ‘नॉर्मल’ छापलेलं असतं. गाऊट असलेल्याला ते पुरत नाही. आकडा ६ च्या खाली हवा. कानावर, कोपरावर, बोटांवर गाठी आल्या असतील तर ५ च्या खाली. तिथे पोचल्यावरही गोळी चालूच ठेवायची, कारण आकडा गोळीमुळे खाली आलेला असतो.

रिपोर्ट वाचताना

ऐन झटक्यात यूरिक अ‍ॅसिड नॉर्मल येऊ शकतं. तेवढ्यावरून गाऊट नाही असं ठरवू नका. झटका ओसरल्यावर दोन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. उलटही घडतं. हेल्थ चेकअपच्या पॅकेजात ७.४ येतं, दुखत काहीच नसतं, तरी गोळी सुरू होते. बहुतेकांना तिची गरज नसते. आणि टाच दुखली की यूरिक अ‍ॅसिडच, ही आपल्याकडची समजूतही बऱ्याचदा खोटी ठरते.

पथ्य

सगळ्यात आधी बंद होतात ती डाळ आणि पालक, म्हणजे नको तिथे काटछाट. मोठ्या अभ्यासांत प्युरिन असलेल्या भाज्यांमुळे गाऊटचा धोका वाढलेला दिसलेला नाही. सांभाळायचं ते बिअर आणि दारू, गोड शीतपेयं, कलेजी-भेजा, तारली, बांगडा, कोळंबी. गटारीची रात्र नीट न सांभाळणाऱ्याला पुढे अंगठा जागवू शकतो. मात्र कितीही कडक पथ्य पाळलं तरी आकडा साधारण एकानेच उतरतो. ९ चा ६ होत नाही. श्रावण पाळला म्हणून गोळी सोडणाऱ्यांनी हे गणित करून पाहावं.

बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड असेल तर यूरिक अ‍ॅसिड वाढतं. परस्पर बंद करू नका, पर्याय विचारा. हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिनही स्वतःहून सोडू नका.

झटक्यात

मालिश आणि गरम शेक नको. कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवा. मेडिकलमधून वेदनाशामक आणण्याआधी मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास आहे का, ते पाहा. लवकर आराम पडावा म्हणून कोल्चिसिन जास्त घेतल्यास जुलाब लागतात, आणि क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकसोबत ते जिवावरही बेतू शकतं. सांधा सुजून थंडी-ताप आला, तर जुना गाऊट असला तरी ‘नेहमीचंच’ समजून घरी थांबू नका. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो, आणि तो ओळखायला सुईने सांध्यातलं पाणी काढून तपासावं लागतं.