सर्व्हरचं घड्याळ चुकतंय? वेळ लावण्याआधी हे तपासा

सर्व्हरची वेळ चुकली की बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो. मोबाइलमध्ये बघून वेळ लावायची आणि कामाला लागायचं. आठवड्याभरात पुन्हा तेच. खानापूर, निपाणीकडच्या पतसंस्था असोत की बेळगावच्या उद्यमबागेतले कारखाने, सगळीकडे हेच दिसतं. माझं कळकळीचं सांगणं आहे की वेळ लावण्याआधी चूक कुठल्या प्रकारची आहे ते ओळखा. हातानं वेळ लावली की चुकीचा मागच पुसला जातो.

दोन मिनिटांनी काय बिघडतं, असं वाटू शकतं. समजा, संस्थेची एक शाखा खानापुरात आहे आणि दुसरी सीमेपलीकडे चंदगडात. खातेदारानं खानापुरात पैसे भरले आणि चंदगडात लगेच काढले. खानापूरचं घड्याळ पुढे असेल तर नोंदीत पैसे आधी निघालेले आणि नंतर भरलेले दिसतात. मग दिवसाखेर रोजकीर्द जुळवताना सगळ्यांचाच वेळ जातो. ॲपवरचा ओटीपी दर ३० सेकंदांनी बदलतो, म्हणून तोही नाकारला जातो. विंडोज डोमेनमध्ये, म्हणजे एकाच सर्व्हरवरून सगळ्यांचं लॉगिन तपासणाऱ्या जाळ्यात, तर ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की लॉगिनच अडतं.

सर्व्हरमध्ये घड्याळं दोन असतात. एक मदरबोर्डवरचं, मशीन बंद असताना बटन सेलवर चालणारं. दुसरं ऑपरेटिंग सिस्टिमचं. मशीन सुरू होताना ते पहिल्याकडून वेळ घेतं आणि पुढे स्वतः मोजत राहतं. कुठलं घड्याळ चुकतंय हे कळलं की निम्मं काम झालं.

पहिलं काम: चूक मोजा

आज सर्व्हरच्या आणि बरोबर वेळेत फरक किती आहे तो सेकंदांसह लिहून ठेवा आणि २४ तासांनी पुन्हा बघा. मध्ये कुणीही वेळेला हात लावायचा नाही. घड्याळाचे ठोके देणाऱ्या मदरबोर्डवरच्या क्रिस्टलमध्ये दहा लाखांत २० भागांची चूक सर्रास असते, म्हणजे दिवसाला सुमारे १.७ सेकंद आणि महिन्याला पाऊण मिनिटाहून थोडी जास्त. त्यात उष्णतेची भर पडते. हे क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास सर्वांत नेमकं चालतं. फाउंड्रीशेजारच्या केबिनमध्ये ४५ अंश असतील तर ते दिवसाला आणखी सेकंदभर मागे पडू शकतं.

तेव्हा दिवसाला एक-दोन सेकंदांचा फरक म्हणजे बिघाड नव्हे, नेटवर्कवरून वेळ येत नाही एवढंच त्यातून कळतं. फरक बरोब्बर साडेपाच तासांचा असेल तर घड्याळ ठीक आहे, टाइमझोन चुकला आहे. लिनक्स मदरबोर्डवरची वेळ सहसा यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ, धरतं, विंडोज ती स्थानिक वेळ धरतं. एकाच मशीनवर दोन्ही असली की हा घोळ होतोच. मशीन सुरू करताच तारीख कित्येक वर्षं मागे गेली असेल तर सेल संपला आहे. मशीन चालू असतानाच दिवसाला मिनिटांनी फरक पडत असेल आणि तो व्हर्च्युअल सर्व्हर (दुसऱ्या मशीनच्या आत चालणारा) असेल, तर होस्ट, म्हणजे ते बाहेरचं मशीन, आणि नेटवर्क दोघंही त्याची वेळ लावत नाहीत ना ते बघा. दोघांपैकी एकालाच ते काम द्या.

सेल

आपल्याकडे वळवाच्या दिवसांत विजांच्या भीतीनं बरेच जण संध्याकाळी मेन स्विचच बंद करून घरी जातात. भीती रास्त आहे. पण प्लग चालू असता तर सेलवर भार आलाच नसता, आता रात्रभर सगळं त्याच्यावर. म्हणून असे सेल लवकर बसतात. सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल असतो. मल्टिमीटरवर २.८ च्या खाली दिसला तर बदलाच.

सेल काढण्याआधी बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगच्या, सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः रेड (अनेक डिस्कची जोडणी) आणि बूट (मशीन कुठून सुरू व्हायचं) यांच्या सेटिंगचे. ही सेटिंग पुसली गेली तर मशीनला डिस्कच सापडत नाही आणि घड्याळाचं दुखणं बाजूलाच राहतं. सर्व्हरला बहुधा दोन पॉवर केबल असतात, दोन्ही काढा. नवा सेल बसवला की बायोसमध्ये वेळ लावा, रात्रभर प्लग काढून ठेवा आणि सकाळी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होण्याआधी बायोसमध्येच वेळ बघा.

नेटवर्कची वेळ

विंडोजवर डब्ल्यू३२टीएम या कमांडला वेळेचा सोर्स विचारला आणि उत्तर ‘लोकल सीमॉस क्लॉक’ आलं, तर नेटवर्कवरून काहीच येत नाही. लिनक्सवर वेळ जुळवणारा क्रोनी हा प्रोग्रॅम असेल तर त्याची ‘क्रोनीसी सोर्सेस’ ही कमांड चालवा. ज्या ओळीच्या सुरुवातीला तारा आहे, त्या सर्व्हरवरून वेळ घेतली जाते. ‘रीच’च्या रकान्यात ३७७ असेल तर शेवटच्या आठही विचारणांना उत्तर आलं आहे. शून्य असेल तर बहुतेकदा दोष फायरवॉलचा असतो. वेळेचे निरोप ज्या वाटेनं येतात तो यूडीपी पोर्ट १२३ उघडा आहे का ते राउटरवाल्याला विचारा.

वेळ कुणाकडून घ्यायची? एनआयसी (सरकारचं राष्ट्रीय माहिती केंद्र) आणि दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांचे वेळेचे सर्व्हर आहेत, आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही त्यांचंच नाव आहे. निदान तीन सोर्स द्या. दोनच असले आणि त्यांच्यात फरक पडला तर खरं कोण हे मशीनला ठरवता येत नाही. मुख्य कार्यालयातलं एकच मशीन बाहेर विचारेल आणि शाखांचे संगणक, हजेरीचं यंत्र, सीसीटीव्ही सगळे त्याच्याकडून वेळ घेतील, अशी रचना करा.

आता वेळ लावा

काम चालू असताना घड्याळ मागे कधीच नेऊ नका, नोंदींचा क्रम उलटतो. दिवसाखेर झाली की बॅकअप घ्या, डेटाबेस बंद करा, ‘क्रोनीसी मेकस्टेप’ देऊन वेळ एकदम जागेवर आणा आणि मग डेटाबेस सुरू करा. क्रोनीऐवजी जुना एनटीपीडी हा वेळ जुळवणारा प्रोग्रॅम असेल तर १००० सेकंदांहून जास्त फरक दिसताच तो स्वतःच बंद पडतो, हे ध्यानात ठेवा.

कणकुंबी, जांबोटीकडे पावसाळ्यात लाइन तुटली तरी घाबरायचं कारण नाही. आपलं क्रिस्टल किती चुकतं हे क्रोनीनं आधीच मोजून ड्रिफ्ट फाइलमध्ये लिहिलेलं असतं, आणि नेट नसतानाही तो त्याच हिशेबानं वेळ दुरुस्त करत राहतो. मुख्य मशीनवर क्रोनीच्या सेटिंगमध्ये ‘लोकल स्ट्रॅटम १०’ ही ओळ घालून ठेवली की बाहेरचा सोर्स नसतानाही कार्यालयातले सगळे संगणक एकाच वेळेवर चालतात. नेट परत आलं की ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’मध्ये फरक किती उरला आहे तेवढा बघून घ्या.